‘सरसकट’चा सोयीस्कर अर्थ

शिंदखेडा तालुक्यात पावसाने दगा दिला, की तहसील कचेरीत येणाऱ्या निवेदनांत एक शब्द हमखास असतो : ‘सरसकट’. सरसकट पंचनामे, सरसकट मदत, सरसकट कर्जमाफी. भेद न करता सर्वांना, हा त्याचा साधा अर्थ. राज्यकर्त्यांना मात्र त्यात उधळपट्टी दिसते. २०१७ च्या कर्जमाफीत दीड लाखाची मर्यादा आली, २०१९ च्या योजनेत दोन लाखांची. सरसकट दिल्यास धनदांडग्यांचे फावेल, हे त्याचे नेहमीचे समर्थन.

युक्तिवाद वरवर समतेचा वाटतो. मग हीच दक्षता पैसेवारी ठरवताना कोठे जाते? पैसेवारी ठरते ती गावाची. निवडक शेतांत कापणी प्रयोग व्हायचे आणि त्यातून निघालेला एक आकडा साऱ्या शिवाराला लावायचा. तापीकाठी पाण्यावर बागायत करणारा आणि मुरमाड माळावर आभाळाकडे पाहत कापूस लावणारा, दोघांचा हंगाम कागदावर एकच. आकडा ५० पैशांच्या वर गेला, की माळावरची नापिकी दप्तरापुरती संपली! पीकविम्यात तर बहुधा महसूल मंडळ हा घटक; अनेक गावे एकाच मापात. येथे ‘सरसकट’ हा शब्द कोणी उच्चारीत नाही. याला कार्यपद्धती म्हणतात. पैसे देण्याची वेळ आली, की मात्र शासनाला प्रत्येक माणूस वेगळा दिसू लागतो. नुकसान ३३ टक्के भरले काय? खाते आधारला जोडले काय? मोजावयाचे सरसकट आणि नाकारावयाचे एकेकट्याला, असा हा व्यवहार आहे. शेतकरी ‘सरसकट’ मागतो तो सगळे सारखेच बुडाले म्हणून नव्हे. मोजणाऱ्याच्या मापावर त्याचा विश्वास उरलेला नाही म्हणून.

तथापि, मागणाऱ्यांनीही आपला शब्द एकदा तपासून पाहावा. हेक्टरी मदत उद्या खरोखरच सरसकट मिळाली, तरी ती जाणार सातबाऱ्यावर नाव असलेल्याकडे. आखाजीला वर्षाचा ठराव करून राबणारा सालदार, तोंडी बोलीवर निम्म्या बटाईने शेत कसणारा, वेचणीची मजुरी बुडालेली भिल्ल बाई, यांचेही पीक गेलेलेच असते. सोसायटीचे कर्ज त्यांना मिळालेच नाही, तर माफ काय व्हावयाचे? दिवाळी सरली, की यांतलीच कित्येक माणसे मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला निघतात. निवेदने लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या उचलीचा एका ओळीने तरी उल्लेख केला आहे?