नाव कोणाचे लिहावे?

इंग्लंडात ऊन पडणे ही वार्ता असते. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे गेलो असता असा एक लख्ख दिवस ब्रायटनच्या समुद्रकाठी लाभला. आपण बडोदेकर उन्हात सावली शोधणारे. तेथे आबालवृद्ध ते ऊन अंगावर घेत गोट्यांच्या किनाऱ्यावर पहुडले होते. वाळू नाहीच. १८९९ सालचा धक्का माणसांनी फुललेला, तर पश्चिमेकडे १८६६ सालच्या, १९७५ साली बंद पडलेल्या धक्क्याचा लोखंडी सांगाडा पाण्यात एकटा उभा.

चालून पाय दुखले म्हणून एका बाकावर टेकलो. त्याच्या पाठीवर छोटी पितळी पट्टी होती. कोणा बाईचे नाव, आणि तिला ही जागा आवडे, एवढेच. हुद्दा नाही, देणगीचा आकडा नाही.

तेथून जवळच घुमटांचा रॉयल पॅव्हिलियन आहे. १९१४ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या आरंभापर्यंत तेथे फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते. हिंदू-मुसलमानांच्या पाण्याची आणि स्वयंपाकाची सोय निराळी ठेवलेली. ब्रायटनच्या रुग्णालयांत जे वाचले नाहीत, त्यांपैकी ५३ हिंदू व शीख जवानांचे दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झाले. १९२१ साली तेथे संगमरवरी छत्री उभी राहिली. पण त्यांची नावे त्या जागी कोरली जायला २०१० साल उजाडावे लागले.

इंग्रजांना नावे ठेवायला निमित्त चांगले होते. पण घरी परतल्यावर आमचा कुलवृत्तांत उघडला आणि जीभ आवरली. गायकवाडांबरोबर गुजराथेत उतरलेल्या मूळपुरुषापासून सात पिढ्या त्यात आहेत. सनदा आहेत, इनामे आहेत. त्याचे घोडे राखणारा नाही. आणि माझी पणजी, जिने बारा माणसांचा संसार ओढला, ती ‘द्वितीय कुटुंब’ एवढीच आहे. तिचे नाव आज घरात कोणालाही ठाऊक नाही.

देवळाच्या पायरीवर, पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचे नाव ठसठशीत असावे, याला माझी हरकत नाही. पण ज्या घरांत अद्याप ऐंशीच्या घरातली माणसे आहेत, तेथे या दिवाळीत कोणीतरी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. त्या घरात राबलेल्या बायकांची, गड्यांची, मोलकरणींची नावे विचारून लिहून घ्यावीत. बाक नसेना का, एक ओळ तरी त्यांच्या वाट्याला यावी.

माझ्या पणजीपुरता उशीर झालाच आहे.