निष्ठा आणि रांग

‘निष्ठावंत ग्राहक’ हा शब्दप्रयोग मराठीने निमूटपणे पचवला, याची खंत वाटते. 2021 मध्ये पाटेक फिलिपने टिफनीच्या निळ्या तबकडीची 170 घड्याळे काढली. एक लिलावात 65 लाख डॉलरला गेले (रक्कम दानासाठी, हे मान्य). बाकीची निवडक ग्राहकांना ‘मिळाली’, म्हणजे विकत घेण्याची परवानगी मिळाली! ही कृतज्ञता? निष्ठेत ‘स्था’ धातू आहे. इथे तो रांगेत उभा आहे, आणि तोही ग्राहकाच्या बाजूने.

एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 मध्ये घेतला. तरी कात्रजच्या चौकातला घड्याळजी मोडक्या घड्याळांतले सुटे भाग जपून ठेवतो. वडिलांचे ‘जनता’ त्याने परवाच चालू करून दिले. पट्ट्याचे पैसे तेवढे घेतले.