आधी निगा, मग नूतनीकरण

पैठणच्या संत ज्ञानेश्वर उद्यानासाठी सरकारने जाहीर केलेला निधी केवळ नव्या बांधकामात जिरता कामा नये. दैनंदिन देखभालीची कायमस्वरूपी तरतूद आधी व्हावी, अशी आमची ठाम भूमिका आहे.

म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी फुललेले हे वैभव कोमेजले ते देखभालीअभावी. कारंजी, दिवे आणि हिरवळ एकदा उभारून भागत नाही. त्यांना रोज माळी, तंत्रज्ञ आणि पाणी लागते. ते नसेल, तर नवे कामही जुन्याच वाटेने जाईल. त्याची झळ पैठणकरांच्या पोटाला बसेल. नाथषष्ठीच्या यात्रेला आलेला भाविक आणि धरणाचा नाथसागर जलाशय पाहायला आलेला पर्यटक उद्यानाच्या ओढीने शहरात रेंगाळला, तरच हॉटेलवाला, रिक्षावाला आणि पैठणी विणणारा कारागीर यांच्या हाताला काम मिळते.

उद्यान जलसंपदा विभागाचे असले, तरी नगर परिषदेला हात झटकता येणार नाहीत. दोघांनी जबाबदारी लेखी वाटून घ्यावी, देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि खर्चाचा हिशेब दरवर्षी जनतेपुढे मांडावा. अन्यथा हा निधीही नाथसागराच्या काठी मातीमोल होईल.