काळ्या पडद्यावरील निळी अक्षरे

ज्या घरातील मुलगा वा मुलगी संगणकाच्या व्यवसायात आहे, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी एक काळी चौकट अवश्य पाहिली असेल. तीत चित्रे नसतात, दाबावयाची बटणे नसतात. एक आज्ञा टंकावयाची आणि तिचे उत्तर खालच्या ओळीत वाचावयाचे, एवढाच तिचा व्यवहार. तिला टर्मिनल म्हणतात. तीतील अक्षरांचे रंग आपल्या डोळ्यांस मानवतील असे बदलता येतात, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. विषय वरकरणी हौसेचा वाटेल. वस्तुतः तो वाचनाचा आहे.

आरंभी या पडद्यास एकच रंग असे. काचेच्या आतील बाजूस दिलेल्या लेपाच्या जातीप्रमाणे अक्षर हिरवे, पांढरे किंवा केशरी उमटे. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली काढलेले व्हीटी-१०० हे प्रसिद्ध टर्मिनलही एकरंगीच होते. १९७९ साली अमेरिकेत जे राष्ट्रीय मानक सिद्ध झाले, त्यात रंगांची सांकेतिक लिपी ठरून गेली. मजकुराच्या ओघात एस्केप ही अदृश्य खूण, त्यापाठोपाठ चौकोनी कंस, एक अंक आणि ‘एम’ हे अक्षर आले, की पुढील मजकुराचा रंग पालटावा. ३१ म्हणजे लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा, ३४ निळा. ४० ते ४७ हे अंक पार्श्वभूमीचे. ० आला की सारे पूर्ववत. आजही याच पद्धतीने काम चालते.

यातील मर्म असे, की अंक केवळ ‘निळा’ एवढेच सांगतो. तो निळा आकाशाचा की दौतीतील शाईचा, हे टर्मिनल आपल्याजवळील रंगपटावरून ठरविते. आणि तो रंगपट वापरणाऱ्याच्या हाती असतो.

त्यास हात घालण्याची वेळ बहुधा निळ्या रंगामुळेच येते. लिनक्समध्ये ‘एलएस’ ही आज्ञा दिली असता फाइलींची यादी येते आणि तीत फोल्डरांची नावे पुष्कळदा निळी असतात. पडद्यावरील पांढऱ्या प्रकाशाच्या तेजाचे शंभर भाग कल्पिले, तर त्यांपैकी सुमारे ७२ हिरव्याचे, २१ लालचे आणि अवघे ७ निळ्याचे भरतात. म्हणून काळ्यावर गडद निळे लिहिणे म्हणजे काळोखात काळोख मिसळणे होय. शुद्ध निळा आणि काळा यांच्या तेजाचे गुणोत्तर केवळ २.४४ येते. वेबपृष्ठांसाठी २००८ साली ठरलेल्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुरास किमान ४.५ गुणोत्तर अपेक्षित आहे. मायक्रोसॉफ्टनेही विंडोजमधील अशाच चौकटीचा जुना रंगपट २०१७ साली बदलला, तो गडद रंग नव्या पडद्यांवर वाचता येत नाहीत म्हणूनच.

उपाय सोपा आहे. टर्मिनलच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये आपले ‘प्रोफाइल’ उघडावे. तेथील ‘कलर्स’ या पानावर रंगपटातील निळा चौकोन निवडून त्या जागी फिकट आकाशी ठेवावा. केवळ फाइलींच्या यादीपुरता बदल हवा असेल, तर ‘डीआयआरकलर्स’च्या फाइलीत फोल्डरांसमोर जे ०१;३४ असते, तेथे ०१;३६ लिहावे; नावे निळसर हिरवी होतात आणि स्पष्ट दिसतात.

याहून गंभीर गोष्ट लाल-हिरव्याची. काही जणांस जन्मतःच हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. स्त्रियांपेक्षा पुरुषांत हे अधिक आढळते. परमाणुवादाचे प्रवर्तक जॉन डाल्टन यांनी १७९४ साली स्वतःच्याच या दोषावर निबंध वाचला होता. वर्गातील असा मुलगा ‘लाल ओळीतील चूक दुरुस्त कर’ म्हटल्यावर गोंधळतो आणि निष्काळजी ठरतो. आपल्याला दिसत नाही हे त्याला सांगताही येत नाही, कारण इतरांना काय दिसते हे त्याला कधी कळलेलेच नसते. बुद्धीचा नसलेला दोष बुद्धीच्या माथी मारला जातो.

गिट या साधनात खोडलेली ओळ लाल आणि नव्याने घातलेली हिरवी दिसते. परंतु ओळीच्या आरंभी उणे आणि अधिक ही चिन्हेही असतात. त्यामुळे रंग दिसला नाही तरी अर्थ हरवत नाही. शिवाय त्या जोडीऐवजी निळा-पिवळा योजण्याची सोयही आहे. आपण शिक्षक उत्तरपत्रिकेवर केवळ लाल शाई सांडत नाही. फुली मारतो, बरोबरची खूण करतो. अर्थ खुणेत असतो, रंग तिला उठाव देतो. ज्यांस रंगच नकोत, त्यांच्यासाठी ‘नो कलर’ नावाचा संकेत २०१७ पासून प्रचारात आला असून अनेक आज्ञावल्या तो पाळतात.

तेव्हा घरातील वा वर्गातील कोणी मूल पडद्याशी डोळे नेऊन वाचू लागले, तर चष्म्याच्या नंबराबरोबरच पडद्याचे रंगही एकदा पाहावेत. आणि त्याला काय दिसत नाही, हे आपण होऊन विचारावे.