वहीपूजनापर्यंत थांबू नये

जळगाव-धुळ्याच्या पेढ्यांवर आजारपणाचा विचारही बहुधा दिवाळीच्या वहीपूजनानंतर होतो. मोठ्या आतड्याला व्रण पडणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ही चालढकल महाग पडते. स्टेरॉइडने रक्ताचे जुलाब थांबतात, मात्रा उतरवताच परततात. घरचे मात्र गुण आला असेच मानतात. वर्षात दुसऱ्यांदा स्टेरॉइड लागले, किंवा तीन महिन्यांत सुटेना, तर इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिम्युमॅब अशा जैविक औषधांविषयी पोटविकारतज्ज्ञांना विचारावे.

तीव्र झटक्यात हिशेब दिवसांचा असतो. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने तिसऱ्या दिवसापर्यंत उतार नसेल, तर इन्फ्लिक्सिमॅब की शस्त्रक्रिया, हा विचार तेव्हाच करावा लागतो.

आपल्याकडे मोठी अडचण सुप्त क्षयाची. ही औषधे तो जागवू शकतात. म्हणून छातीचा एक्स-रे, क्षयाची चाचणी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी आधीच करून ठेवावी. ऐन वेळी त्यातच दिवस जातात. खर्चाची धास्ती खरीच; पण २०१४ च्या अखेरीस अहमदाबादच्या झायडसने अडॅलिम्युमॅबचे समरूप औषध मूळ औषधाहून बऱ्याच कमी किमतीत आणले.

पर्युषणातील उपवासासाठी स्टेरॉइड एकाएकी बंद करणे मात्र धोक्याचे. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उतरवावी.