खोके राखले, रेडिओ गेला

आमच्या परिसरातील एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात मागील वर्षी एक 'वारसा दालन' उघडण्यात आले. दालन म्हणजे काचेची दारे लावलेले एक कपाट आणि त्याशेजारी एक मेज. कपाटात दोन पोथ्या, एक दौत, तमाशाच्या फडाची काही हँडबिले. मेजावर एक जुना पाच व्हॉल्व्हचा रेडिओ. एका दिवंगत प्राथमिक शिक्षकांच्या कुटुंबाने तो विभागाला दिला होता. उद्घाटनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी रेडिओचे बटण फिरवले आणि तत्काळ, खरखर न होता, एक जुने भावगीत सुरू झाले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत आमच्याही टाळ्या होत्या, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

नंतर आमच्यापैकी एकाने कुतूहलाने रेडिओची मागची पुठ्ठ्याची झाकणी काढून पाहिली. आत काही नव्हते. म्हणजे एक ब्लूटूथची पट्टी, दोन छोटे स्पीकर आणि मोबाइलचा चार्जर होता. चॅसिस, गँग, बँड स्विच, आयएफचे डबे, व्हॉल्व्ह सर्व काढून भंगारात घातलेले. गाणे कोणाच्या तरी खिशातील मोबाइलवरून येत होते. या प्रकाराला कार्यक्रमपत्रिकेत 'जीर्णोद्धार व आधुनिकीकरण' असे म्हटले होते. हे शब्द मराठीच्या प्राध्यापकांनी योजले होते, आणि आमचे भांडण मुख्यतः तेथूनच सुरू होते.

या घटनेला एक वाङ्मयीन पार्श्वभूमी आहे. मराठीत रेडिओवर भरपूर लिहिले जाते. दिवाळी अंक उघडावा आणि त्यात एखादा रेडिओलेख नसावा, असे क्वचितच घडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमीन सायानी यांचे निधन झाले तेव्हा तर या लेखनाला पूर आला. ओसरी, आजोबा, बुधवारची रात्र, शेजारपाजारचे जमलेले लोक आणि शेवटी 'गेले ते दिवस' हा उसासा. या लेखांतील जिव्हाळा आम्ही खोटा मानत नाही. परंतु त्यांतील एकाही लेखकाला आपण ऐकलेला आवाज घरापर्यंत कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न पडलेला दिसत नाही. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर (हे मूळचे पुण्याचे) यांच्या धोरणाने आकाशवाणीवरील चित्रपटगीते आटली. श्रोता सिलोनकडे वळला आणि बिनाका गीतमाला उभी राहिली. सिलोनचा आवाज जुन्नरच्या पेठेत ऐकू येत होता तो शॉर्टवेव्हमुळे. त्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन समुद्र आणि सह्याद्री दोन्ही ओलांडत. रेडिओतील तो आवाज पकडणारा भाग म्हणजे बँड स्विच, त्याच्या पोटातील गुंडाळ्या आणि ईसीएच ८१ हा व्हॉल्व्ह. ज्यांनी गीतमालेवर गहिवरून लिहिले, त्यांनीच तिला घरात आणणारा भाग किलोच्या भावाने विकला.

ज्याला दुरुस्ती म्हणतात तिची रीत काय असते, ते आम्ही नारायणगावातील एका वृद्ध मेकॅनिकच्या दुकानात बसून पाहिले. काका वीसतीस वर्षे बंद असलेला संच कधीही थेट विजेवर लावत नाहीत. प्रथम सिरीज बोर्डावर, म्हणजे शंभर वॅटच्या दिव्याच्या आधाराने लावतात. आत कोठे शॉर्ट असेल तर दिवा भगभगीत पेटतो आणि संच वाचतो. त्यानंतर कंडेन्सर. जुने कागदी कंडेन्सर दमट हवेने गळके होतात. ईबीसी ८१ आणि ईएल ८४ यांच्या मधला एकच कंडेन्सर गळू लागला, तर शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो दाब चढतो, व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि काही वेळाने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आमच्या मेजावरील संचाचे बहुधा एवढेच बिघडले असावे. पुढे फिल्टरचे कंडेन्सर, बँड स्विचच्या पात्यांवरचा काळा थर, तुटलेला डायलचा दोरा. दोरा ओवणे हे सर्वांत कष्टाचे काम; काकांनी त्याची वळणे वहीत काढून ठेवली आहेत. शेवटी आयएफचे डबे आणि ट्रिमर जुळवणे. या कामासाठी ते रात्रीची वेळ निवडतात, कारण दिवसा आजूबाजूचे एलईडी दिवे आणि चार्जर एवढा कोलाहल करतात की क्षीण स्टेशन सापडतच नाही.

आता आमच्यावर येणारा आक्षेप. कंडेन्सर बदलले, दोरा बदलला, मग मूळ संच तरी कोठे उरला? तुम्ही थोडे बदलता, आम्ही सर्व बदलले. भेद केवळ प्रमाणाचा. हा आक्षेप आमच्याच एका सहकाऱ्यांनी घेतला. ते पाठचिकित्सा शिकवतात, म्हणून त्याचे नवल वाटले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा अपपाठ काढले आणि पुढील कोणी आपली ओवी त्यात घालू नये, असे बजावले. त्यांनी पाठ बदलले तेही ग्रंथ पुन्हा वाचता यावा म्हणून. ओव्या काढून बांधणी तेवढी ठेवली असती, तर तिला शुद्ध प्रत म्हणण्याचे धाडस आमच्या सहकाऱ्यांनाही झाले नसते. गळका कंडेन्सर हा अपपाठ आहे. चॅसिस ही संहिता आहे. (काही हौशी लोक जुन्या कंडेन्सरचे कागदी कवच पोकळ करून त्यात नवा बसवतात, म्हणजे दिसायला सर्व जुने. आम्हांला ही थोडी लबाडी वाटते. काकांना वाटत नाही. असो.)

आम्ही आधुनिकीकरणाचे शत्रू आहोत, असाही एक समज पसरवला गेला. जुन्नर तालुक्यात राहून तसे होणे अवघड आहे. येथून जवळच खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. चौदा मध्यभागी आणि सोळा तीन भुजांवर, गावोगावच्या शेतांतून पसरलेल्या. तीही एक रेडिओ ग्रहणयंत्रणाच, केवळ तिचे 'स्टेशन' आकाशात आहे. या विद्येचा जन्मच शॉर्टवेव्हच्या खरखरीतून झाला. अटलांटिकपारच्या दूरध्वनीत अडथळा आणणारा आवाज कोठून येतो, हे अमेरिकेत कार्ल जान्स्की शोधत होते. साडेचौदा मीटरच्या आसपासच्या लहरीवर ऐकताना तो आकाशगंगेच्या मध्यभागाकडून येतो, असे त्यांना आढळले, आणि १९३३ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. उद्घाटनाच्या दिवशी जी खरखर नाहीशी झाली म्हणून पाहुणे खूश झाले, तिच्यात असेही काही असते.

खोडदची दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची सुरुवातही ध्यानात घेण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियात काम संपून टाकाऊ ठरलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या त्यांनी भारतात आणवल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला त्यांतून सूर्याचा अभ्यास करणारी दुर्बीण उभी केली. खोडदच्या दुर्बिणीचे अलीकडे आधुनिकीकरण झाले तेही पाहावे. तारेच्या जाळीच्या तबकड्या त्याच राहिल्या. त्यांच्या मुखाशी असलेली ग्राहके, प्रवर्धक आणि संकेत हाताळणारी संगणकीय यंत्रणा नवी आली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकू येई, तो ४०० पर्यंत गेला. काम चालू असताना जुन्या यंत्रणेवर निरीक्षणे होतच होती. जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वलहरींचा जो पुरावा जगभरच्या गटांनी मांडला, त्यात या सुधारलेल्या दुर्बिणीच्या निरीक्षणांचा वाटा होता. यंत्र पूर्वीपेक्षा अधिक ऐकू लागले, याला आम्ही आधुनिकीकरण म्हणतो. आमच्या मेजावरील यंत्र आता काहीच ऐकत नाही; त्याला खिशातून सांगावे लागते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: शॉर्टवेव्हवर आता ऐकायचे काय? प्रश्न रास्त आहे. बीबीसीची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी शॉर्टवेव्हवरून थांबली; सिलोनची सद्दी केव्हाच सरली. तरीही रात्री काकांच्या दुकानात आम्ही चिनी प्रसारण ऐकले, एक धर्मप्रवचन ऐकले, आणि ४१ मीटरच्या काठाशी हौशी हॅम मंडळींचे बोलणे ऐकले. जुन्या संचावर ते बोलणे बदकाच्या आवाजासारखे येते, कारण त्यातील वाहक लहर प्रेषकाकडेच काढून टाकलेली असते. काका अशा संचाला बीएफओ नावाची एक छोटी पट्टी जोडतात. ती ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास ती उणीव भरून काढते आणि बदकाचा माणूस होतो. चॅसिसला नवे भोक पाडावे लागत नाही, नको असेल तेव्हा पट्टी काढून ठेवता येते. विभागाला सुधारणाच करायची होती, तर ही सुधारणा दुकानापासून फार दूर नव्हती. विद्यार्थ्यांनीही ती हाताने करून पाहिली असती, आणि 'श्रवणसंस्कृती' या विषयावरील व्याख्यानापेक्षा त्यांना तीतून अधिक कळले असते, असे आमचे मत आहे. ते व्याख्यान आमच्यापैकीच एकाने त्या पोकळ खोक्याशेजारी उभे राहून दिले होते.

आम्ही विभागाकडे लेखी मागणी केली आहे की मेजावरील पाटीतून 'जीर्णोद्धार' हा शब्द काढावा आणि ज्यांनी संच दिला त्या कुटुंबाला आत काय केले ते कळवावे. पहिली मागणी विचाराधीन आहे. दुसरी आम्हीच पूर्ण केली. शिक्षकांच्या कन्येने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "सर, मग डायलवर आबांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा?" डायलची काच जागेवर आहे, खुणाही आहेत. त्यांपैकी दोन २५ आणि ४१ मीटरच्या पट्ट्यांवर आहेत. मंचरच्या एका भंगारवाल्याकडे आम्हांला एक चॅसिस मिळाली असून ती त्याच संचाची आहे असे काका म्हणतात; गँग शाबूत आहे, व्हॉल्व्ह दोनच उरले आहेत. बँड स्विच अद्याप सापडलेला नाही.