उणे बारा व्होल्टचा बागुलबुवा

तळेगावात होणार असं वाटत असलेला सेमीकंडक्टर प्रकल्प २०२२ मध्ये गुजरातला गेला, तेव्हा मावळात केवढा आरडाओरडा झाला! चिपचा कारखाना मागणाऱ्या याच तालुक्यात इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर होऊ घातलेला मुलगा मला विचारतो, "सर, निगेटिव्ह कुठून आणायचं?"

दोष मुलाचा नाही. फळ्यावर ऑप-अँपचा त्रिकोण काढून वर +१२, खाली −१२ लिहिणाऱ्या आणि ते −१२ येतात कुठून हे कधीच न सांगणाऱ्या मास्तरांचा आहे. लॅबमध्ये तयार ड्युअल सप्लाय असतो, मुलं तीन वायर खोचतात, जर्नलवर सही होते. प्रोजेक्टच्या वेळी मग नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या येतात आणि नेमक्या परीक्षेच्या दिवशी उतरतात. नाहीतर ७६६० ची चिप येते. ती मोजके मिलिअँपिअर देते, लोड वाढला की कोसळते.

अहो, लोणावळ्याचं टेलिफोन एक्स्चेंज देशातल्या इतर एक्स्चेंजांसारखंच उणे ४८ व्होल्टवर चालतं. दोन व्होल्टचे २४ सेल आणि बॅटरीचं धन टोक अर्थिंगला, बस्स. ओल्या जमिनीत तांबं धन राहिलं तर गळतीच्या प्रवाहाने झिजतं, म्हणून तारा जमिनीपेक्षा ऋण ठेवतात. आपल्या घाटमाथ्याच्या पावसात हे समजावून सांगायला किती वेळ लागतो?

तीच युक्ती टेबलावर करा. पाच व्होल्ट घेऊन बारा देणारं एक वॉटचं आयसोलेटेड मॉड्यूल घ्या. आत इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो. ऊर्जा पलीकडे जाते, तार जात नाही, म्हणून आउटपुटची दोन्ही टोकं मोकळी असतात. धन टोक सर्किटच्या ग्राउंडला जोडा. ऋण टोकावर उणे बारा व्होल्ट उभे, सुमारे ८० मिलिअँपिअरपर्यंत.

मात्र "डीसी-डीसी मॉड्यूल" एवढंच सांगून साधा बक कन्व्हर्टर गळ्यात मारणारे दुकानदार मुलांचे पैसे जाळतात. त्यात इनपुट आणि आउटपुटचं ऋण टोक एकच असतं. त्याचं धन आउटपुट ग्राउंडला लावलं की थेट शॉर्ट. वीज जोडण्याआधी या दोन ऋण टोकांत मल्टिमीटर लावा. बीप वाजली तर मॉड्यूल परत करा.

स्वस्त मॉड्यूलमध्ये रेग्युलेशन नसतं. लोड नसेल तर व्होल्टेज बाराच्या बरंच वर चढतं, म्हणून दहा टक्के लोड कायम ठेवा. ऑडिओसाठी इंडक्टर-कपॅसिटरचा फिल्टर लावा. आणि त्यावरचा "१००० व्होल्ट आयसोलेशन" हा आकडा कारखान्यातल्या क्षणभराच्या चाचणीचा आहे. २३० व्होल्टपासून माणसाचा जीव वाचवण्याची हमी म्हणून तो कोणी वाचू नये.

मास्तरांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला ड्युअल सप्लाय कपाटात बंद ठेवा. मुलांच्या हाती दोन मॉड्यूल द्या, एकाचं ऋण आणि दुसऱ्याचं धन टोक ग्राउंडला जोडायला लावा, आणि मीटरवर उणे बारा त्यांना स्वतः वाचू द्या. त्याशिवाय जर्नलवर सही करू नका.